एफबीडी आणि मोमेंट: मेकॅनिक्स सुटत नाही म्हणणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

सदाशिव पेठेत फर्स्ट इयर इंजिनिअरिंगच्या पोरापोरींना मेकॅनिक्स शिकवतो. इन-सेम, म्हणजे सेमिस्टरमधली परीक्षा, जवळ आली की व्हॉट्सॲपवर तेच तेच प्रश्न येतात, रात्री बारालासुद्धा येतात, म्हणून म्हटलं प्रत्येकाला वेगळं टाइप करत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकू. स्टॅटिक्समधलं, म्हणजे स्थिर वस्तूंवरच्या बलांचं गणित दहावीच्या वर जात नाही, साइन, कॉस आणि तीन समीकरणं, बास: आडव्या बलांची बेरीज शून्य, उभ्या बलांची बेरीज शून्य, आणि मोमेंटची (बल गुणिले लंब अंतर, म्हणजे फिरवण्याचा जोर) बेरीज शून्य. तरी केटी लागते, म्हणजे विषय राहतो, कारण मार्क जातात ते आकृतीत, आणि आकृतीला लोक दीड मिनिट देतात.

एफबीडी म्हणजे प्रश्नातलीच आकृती परत काढायची ना?

नाही, एफबीडी म्हणजे फ्री बॉडी डायग्राम, सुट्या केलेल्या एकाच बॉडीची आकृती, आणि निम्मा घोळ इथेच आहे. प्रश्नात भिंत असते, जमीन असते, बिजागरी असते, दोरी असते. एफबीडीत यातलं काहीही नसतं. एक बॉडी उचलायची, बाकी सगळं जग पुसून टाकायचं, आणि पुसलेली प्रत्येक गोष्ट त्या बॉडीला जिथे धरत होती किंवा ढकलत होती तिथे एक बाण काढायचा. भिंत पण काढलीय आणि भिंतीची रिॲक्शन, म्हणजे भिंत बॉडीला उलट देते ते बल, पण काढलीय अशी आकृती दिसली की समजायचं, याने बॉडी सोडवलेलीच नाही, नुसती सजवलीय.

मी पोरांना पेन बॉडीच्या कडेने एक पूर्ण चक्कर फिरवायला लावतो. फिरताना जिथे जिथे दुसऱ्या कशाचा स्पर्श होतो तिथे थांबायचं आणि बाण काढायचा. चक्कर पूर्ण झाली की शेवटी वजन, ते स्पर्शाशिवाय लागतं म्हणून तेच सगळ्यात जास्त विसरलं जातं. बाणांसोबत मापं पण लिहा, अंतरं आणि कोन. अंतरं नसलेल्या एफबीडीवर मोमेंट घेता येत नाही, मग परत प्रश्नाकडे बघावं लागतं आणि तिथेच २ मीटरचे ३ मीटर होतात.

दोन-तीन बॉडी असल्या तर कुठली वेगळी काढायची?

जिच्याबद्दल विचारलंय ती, किंवा जिच्यावर अननोन तीनपेक्षा जास्त नाहीत ती. आधी सगळं मिळून एक बॉडी धरून बघा, बाहेरच्या रिॲक्शन बऱ्याचदा तिथेच निघतात. आतले जॉइंट, आतल्या दोऱ्या यांची बलं त्या आकृतीत येत नाहीत, कारण ती जोडीने समान आणि विरुद्ध असतात. मग आतलं बल हवं असेल तर तिथे कापा आणि एक तुकडा घ्या. कापल्यावर दोन्ही तुकड्यांवर बाण उलटसुलट यायला पाहिजेत. एका तुकड्यावर उजवीकडे दाखवलं तर दुसऱ्यावर डावीकडेच, तिथे मनमानी नाही.

कुठल्या सपोर्टला किती बलं हे पाठ करायचं का?

पाठ करू नका. एकच विचार करा, हा सपोर्ट बॉडीला कुठे जाऊ देत नाहीये? ज्या दिशेला जाऊ देत नाही त्या दिशेला बल. फिरू देत नसेल तर मोमेंट. रोलर आडवा सरकू देतो, त्यामुळे फक्त सरफेसला काटकोनात एक बल. बिजागरी फिरू देते पण सरकू देत नाही, म्हणून दोन बलं, मोमेंट नाही. फिक्स्ड काहीच करू देत नाही म्हणून दोन बलं आणि एक मोमेंट. गुळगुळीत भिंत फक्त ढकलू शकते, दोरी फक्त ओढू शकते. दोरीचा बाण बॉडीकडे येताना काढलेला दिसला की मी लाल पेन उचलतो.

रोलर खरा कुठे असतो असं विचारतात, पुस्तकातली ती चाकं कुणीच पाहिलेली नसतात. कुठल्याही फ्लायओव्हरखाली उभं राहून वर बघा, खांबाची टोपी आणि गर्डर यांच्यामध्ये काळ्या रबराचा चपटा ठोकळा दिसेल. गर्डर उन्हात लांबतो, ३० मीटरच्या काँक्रीट गर्डरला ३० डिग्रीच्या फरकाने साधारण १ सेंटीमीटर, आणि तो सेंटीमीटर कुठेतरी जाऊ द्यावा लागतो. तो ठोकळा वजन घेतो आणि आडवं थोडं हलू देतो. कागदावर आपण त्यालाच रोलर म्हणतो.

रिॲक्शनची दिशा चुकीची धरली तर अख्खं गणित चुकतं का?

नाही. उत्तर मायनस येतं, म्हणजे बल उलट्या दिशेला आहे, एवढंच. आकृतीत खोडाखोड करू नका, शेवटी दिशा लिहा. अपवाद फक्त फ्रिक्शनचा, जिथे सरकायच्या बेतात आहे असं दिलंय तिथे फ्रिक्शनची दिशा आधीच नीट विचार करून काढावी लागते, कारण म्यू (फ्रिक्शनचा गुणांक) गुणिले एन (सरफेसची काटकोनातली रिॲक्शन) टाकलं की चिन्ह आपोआप सुधारत नाही.

मोमेंट कुठल्या पॉइंटभोवती घ्यायची? सर नेहमी भलताच पॉइंट घेतात.

कुठल्याही घ्या, उत्तर तेच. पण कष्ट तेच नाहीत. ज्या पॉइंटमधून जास्तीत जास्त नको असलेली अननोन बलं जातात तो घ्यायचा, कारण पॉइंटमधून जाणाऱ्या बलाची त्या पॉइंटभोवती मोमेंट शून्य. सर भलता नाही, आळशी पॉइंट घेतात, आणि स्टॅटिक्समध्ये आळस हा गुण आहे.

उदाहरण घेऊ. लक्ष्मी रोडवर दुकानांच्या पाट्या भिंतीपासून बाहेर आलेल्या असतात ना, तशी एक पाटी. भिंतीत बिजागरीने बसवलेला १.५ मीटरचा आडवा रॉड, रॉडच्या टोकाहून वर भिंतीकडे गेलेली तार, तारेचा रॉडशी कोन ३०°, आणि रॉडभर सारखी टांगलेली ३०० न्यूटनची पाटी, म्हणजे तिचं वजन मध्यावर, भिंतीपासून ०.७५ मीटर. रॉडचं वजन सोडून द्या.

अननोन तीन, तारेचं टेन्शन आणि बिजागरीची आडवी-उभी रिॲक्शन. बिजागरीभोवती मोमेंट घेतली की तिच्या दोन्ही रिॲक्शन एका झटक्यात गायब. राहिलं काय, टेन्शन × साइन ३०° × १.५ = ३०० × ०.७५. टेन्शन ३०० न्यूटन. मग आडवी बेरीज, बिजागरीची आडवी रिॲक्शन ३०० × कॉस ३०° = २६० न्यूटन, भिंतीपासून बाहेर. उभी बेरीज, ३०० वजा १५०, म्हणजे १५० न्यूटन वर. तीन समीकरणं, प्रत्येकात एकच अननोन. हेच एखाद्याने पाटीच्या मध्याभोवती मोमेंट घेऊन सुरू केलं तर पहिल्याच ओळीत दोन अननोन येतात आणि मग सायमल्टेनियस इक्वेशन्स सोडवत बसा.

आता यात रस असेल तर पुढे वाचा. तार जिथे भिंतीला बांधलीय तो वरचा बोल्ट भिंतीतून २६० न्यूटनने बाहेर ओढला जातोय आणि खालची बिजागरी तितक्यानेच भिंतीत दाबली जातेय. दुकानदार म्हणतो तार फार वर जाते, दिसायला बरी नाही, खाली घ्या. कोन १५° केला तर टेन्शन १५० भागिले साइन १५°, म्हणजे जवळपास ५८० न्यूटन. पाटी तीच, वजन तेच, तारेवरचा ताण जवळजवळ दुप्पट आणि बोल्टवरची आडवी ओढ ५६०, दुपटीच्याही वर. जुन्या वाड्याच्या विटांच्या भिंतीत तो बोल्ट असेल तर मी त्या पाटीखाली उभा राहणार नाही.

तीन समीकरणं वापरली, अजून एका पॉइंटभोवती मोमेंट घेतली तर चौथं अननोन निघेल का?

नाही निघणार. टू-डी मध्ये एका बॉडीला तीनच स्वतंत्र समीकरणं. चौथं लिहाल ते पहिल्या तिघांतूनच आलेलं असतं, शेवटी शून्य बरोबर शून्य मिळतं आणि पोरं म्हणतात सर गणितात चूक आहे. दोन बेरजा आणि एक मोमेंट घ्या, किंवा एक बेरीज आणि दोन मोमेंट, किंवा तिन्ही मोमेंट, चालतं. तिन्ही मोमेंट घेताना ते तीन पॉइंट एका रेषेत नकोत, एवढी अट. दोन मोमेंट घेताना बेरजेची दिशा त्या दोन पॉइंटांना जोडणाऱ्या रेषेला काटकोनात नको. अननोन चार असतील आणि बॉडी एकच असेल तर तो प्रश्न नुसत्या स्टॅटिक्सने सुटतच नाही, बॉडी किती वाकते ते लागतं, ते पुढच्या वर्षी.

लंब अंतर सापडत नाही, ट्रिग्नॉमेट्रीत अडकतो

मग शोधू नका. बलाचे एक्स आणि वाय असे दोन तुकडे करा आणि प्रत्येकाची मोमेंट वेगळी घ्या, बेरीज तीच येते. याला व्हॅरिग्नॉनचं थिअरम म्हणतात, पिएर व्हॅरिग्नॉन, फ्रेंच गणिती, १६५४ ते १७२२. समजा ब्रॅकेटच्या टोकाला १०० न्यूटनचं बल आहे, त्याचे तुकडे उजवीकडे ६० आणि वर ८०. टोक बोल्टपासून ०.४ मीटर उजवीकडे आणि ०.३ मीटर वर. वरच्या ८० ची मोमेंट ८० × ०.४ = ३२, अँटीक्लॉकवाइज. उजवीकडच्या ६० ची ६० × ०.३ = १८, क्लॉकवाइज. फरक १४ न्यूटन-मीटर. लंब अंतर हवंच असेल तर १४ भागिले १००, ०.१४ मीटर, उलट्या बाजूने फुकटात मिळालं.

प्रत्येक तुकडा कसा फिरवतोय ते बोट ठेवून बघा. बोल्टवर बोट दाबायचं, कागद त्या बाणाच्या दिशेला ढकलायचा, कसा फिरतो ते डोळ्यांनी दिसतं. परीक्षेत कुणी हसत नाही.

क्लॉकवाइज प्लस की अँटीक्लॉकवाइज?

काहीही, पण वर लिहा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. मी अँटीक्लॉकवाइज प्लस घेतो.

शिडीचं गणित दर वर्षी येतं आणि दर वर्षी चुकतं

कारण त्यात फ्रिक्शन, मोमेंट आणि एफबीडी तिन्ही एकत्र येतात. सावकाश करू. शिडी ५ मीटर लांब, पाय भिंतीपासून ३ मीटरवर, म्हणजे वरचं टोक ४ मीटर उंचीवर. भिंत गुळगुळीत, जमीन खडबडीत. शिडीचं वजन २०० न्यूटन, चढणारा माणूस ६०० न्यूटन, आणि तो शिडीच्या तीन चतुर्थांशावर पोचलाय.

भिंत पुसली, तिच्या जागी आडवा बाण, भिंतीपासून दूर. जमीन पुसली, तिच्या जागी दोन बाण, एक वर आणि एक भिंतीकडे. तो भिंतीकडचा फ्रिक्शन, कारण शिडीचा पाय भिंतीपासून दूर पळायला बघतोय आणि फ्रिक्शन त्या पळण्याला विरोध करतो. इथे बरीच जणं उलटा बाण काढतात. मग दोन वजनं खाली, शिडीचं मध्यावर म्हणजे पायापासून आडवं १.५ मीटर, माणसाचं आडवं २.२५ मीटर. माणूस बॉडीत नाही, त्याचे पाय शिडीला जितकं दाबतात ते बल आहे, हे लक्षात असू द्या.

पायाभोवती मोमेंट. भिंतीची रिॲक्शन × ४ = २०० × १.५ + ६०० × २.२५ = १६५०. म्हणजे ४१२.५ न्यूटन. आडवी बेरीज, फ्रिक्शनही ४१२.५. उभी बेरीज, जमिनीची रिॲक्शन ८००. फ्रिक्शनला जमिनीच्या रिॲक्शनने भागलं की ०.५२ च्या आसपास, म्हणजे म्यू निदान एवढा पाहिजे.

आता हेच माणूस सगळ्यात खालच्या पायरीवर आहे असं धरून करा. मोमेंट फक्त शिडीच्या वजनाची, ३००, भिंतीची रिॲक्शन ७५, म्यू लागतो ०.०९. अगदी वरच्या टोकाला गेला तर २१०० भागिले ४, म्हणजे ५२५, म्यू लागतो ०.६६. जमिनीची उभी रिॲक्शन तिन्ही वेळेला ८०० च आहे, बदलतोय तो फक्त माणसाच्या वजनाचा मोमेंट आर्म, म्हणजे पायापासूनचं आडवं अंतर. शिडी पहिल्या पायरीला हलली नाही म्हणून सेफ आहे असं समजून वर जाणारा माणूस नेमका वर गेल्यावर का घसरतो त्याचं कारण या तीन आकड्यांत आहे. पाय ३ ऐवजी २ मीटरवर ठेवला तर टोकाला लागणारा म्यू ०.३८ पर्यंत खाली येतो. करून बघा, उंची वर्गमूळ २१, म्हणजे ४.५८ मीटर.

युडीएलच्या जागी मध्यावर एक बल टाकलं तर चालतं ना?

युडीएल म्हणजे लांबीभर सारखा पसरलेला लोड. रिॲक्शन काढायला चालतं. बीम कापायचा असेल तर आधी कापा, मग बदला. ६ मीटरचा बीम, त्यावर मीटरला २ किलोन्यूटन, एकूण १२, दोन्ही रिॲक्शन ६-६. आता डाव्या टोकापासून २ मीटरवर बेंडिंग मोमेंट, म्हणजे तिथे बीमला वाकवणारी आतली मोमेंट हवीय. डावा तुकडा घ्या, त्यावर फक्त २ मीटरचा लोड, ४ किलोन्यूटन, कापल्या जागेपासून १ मीटरवर. ६ × २ वजा ४ × १, म्हणजे ८ किलोन्यूटन-मीटर. ज्यांनी आधीच १२ मध्यावर नेऊन ठेवले त्यांच्या डाव्या तुकड्यावर लोडच उरत नाही, त्यांचं उत्तर १२ येतं.

त्रिकोणी लोड असेल तर एकूण बल म्हणजे त्रिकोणाचं क्षेत्रफळ, आणि जागा शून्य टोकापासून दोन तृतीयांशावर. सोसायटीच्या पाण्याच्या टाकीची भिंत घ्या, ३ मीटर पाणी. तळाला दाब ९.८१ × ३ = २९.४ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर. भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर एकूण ४४.१ किलोन्यूटन, तळापासून १ मीटर उंचीवर, म्हणजे तळाशी ४४.१ किलोन्यूटन-मीटरची मोमेंट. खडकवासल्यासारखं दगडी धरण हीच मोमेंट स्वतःच्या वजनाच्या मोमेंटने परतवतं, फरक इतकाच की तिथे धरणाच्या तळाखाली शिरलेलं पाणी धरणाला वर उचलतं, तो बाणही एफबीडीत काढावा लागतो.

फिक्स्ड सपोर्टला मोमेंट कशी आली? तिथे तर काहीच फिरवत नाहीये

फिरवत नाहीये म्हणूनच आली. बाल्कनी बघा. भिंतीतून १.२ मीटर बाहेर, खाली खांब नाही. स्लॅबचा आणि माणसांचा लोड मिळून मीटरला १० किलोन्यूटन धरू, आणि टोकाला कठड्याचे ३ किलोन्यूटन. भिंत पुसली, वर जाणारं बल १२ + ३ = १५. नुसतं तेवढंच असतं तर बाल्कनी दारासारखी खाली पडली असती. भिंतीभोवती मोमेंट घ्या, १२ × ०.६ + ३ × १.२ = ७.२ + ३.६ = १०.८ किलोन्यूटन-मीटर. एवढी मोमेंट भिंतीने किंवा आतल्या स्लॅबने उलटी द्यायला हवी, म्हणून तो वळणदार बाण. गंमत म्हणजे कठडा वजनाने एक पंचमांश पण मोमेंटमध्ये एक तृतीयांश. टोकाला बसलेला असतो ना.

बीममध्ये सळया खाली असतात हे सगळ्यांना माहिती असतं, बाल्कनीत मुख्य सळया वर असतात, कारण इथे वरचा भाग ताणला जातो. साइटवर काय होतं, स्लॅब भरायच्या दिवशी घमेली घेऊन माणसं त्या सळयांवरून जातात, खाली चेअर, म्हणजे सळया उचलून धरणारे टेकू, नीट लावलेले नसतात, आणि वरच्या सळया पायाखाली दबत दबत मध्यावर येतात. काँक्रीट पडलं की वरून काही दिसत नाही. सळ्यांची संख्या ड्रॉइंगप्रमाणे, पण मोमेंटला विरोध करायचा आर्म निम्मा झालेला. काही वर्षांनी भिंतीजवळ वरच्या बाजूला, कठड्याला समांतर अशी भेग दिसायला लागते, लोक म्हणतात प्लास्टर तडकलं. घरी बाल्कनी असेल तर भेग वर आहे की खाली, तेवढं बघून ठेवा.

कपल कुठे लावलंय याने फरक पडतो का?

कपल म्हणजे समान, समांतर आणि उलट दिशेच्या दोन बलांची जोडी, जी नुसतं फिरवते. रिॲक्शनला फरक पडत नाही. कपलची मोमेंट कुठल्याही पॉइंटभोवती तितकीच. समीकरणात जशीच्या तशी टाका, अंतराने गुणू नका. ५ किलोन्यूटन-मीटरला परत २ मीटरने गुणणारे दर बॅचला असतात.

मेट्रोचा खांब मध्ये एकच आहे, एका बाजूला गाडी आली की तिकडे झुकत नाही का?

झुकायला बघतो, आणि खांब त्यासाठीच डिझाइन केलेला असतो. कर्वे रोडला वनाज ते गरवारे कॉलेज हा भाग ६ मार्च २०२२ ला सुरू झाला, तिथून जाताना वर बघा. एक खांब, वर दोन ट्रॅक, दोन्ही खांबाच्या मध्यापासून बाजूला. आकडे माझे, हिशेबापुरते. एका गाडीचं एका खांबावर येणारं वजन १००० किलोन्यूटन आणि ट्रॅक मध्यापासून २ मीटर. एकच गाडी असेल तर खांबाच्या बुडाशी उभं बल १००० आणि मोमेंट २००० किलोन्यूटन-मीटर. दोन्ही ट्रॅकवर गाड्या असतील तर उभं बल २००० आणि मोमेंट शून्य. म्हणजे जास्त वजनाला खांब सरळ दबतो आणि कमी वजनाला वाकतो. फक्त सगळ्यात जास्त वजन धरून डिझाइन केलं तर नेमकी हीच केस निसटते. वारा, ब्रेक, वळणावरचं बाहेर फेकणारं बल हे वेगळं, तेही उंचीने गुणलं जातं.

लामीचं थिअरम वापरू की कंपोनंट करू?

बलं बरोबर तीन, एकाच पॉइंटमधून जाणारी, तर लामी: प्रत्येक बल भागिले बाकीच्या दोघांमधल्या कोनाचा साइन, तिन्ही सारखे. बर्नार्ड लामीने १६७९ मध्ये मांडलं. चार असतील तर विसरा. दिवाळीत दोन बिल्डिंगांच्या मध्ये मंडळाचा मोठा आकाशकंदील टांगतात, धरा १०० न्यूटन. दोन्हीकडची दोरी आडव्याशी ३०° असेल तर तिन्ही बलांमधले कोन १२०°, त्यामुळे प्रत्येक दोरीत १०० न्यूटन. तोंडी होतं. पोरं म्हणतात दोरी ताणून सरळ करा, लोंबते. कोन १०° वर आणला की ५० भागिले साइन १०°, २८८ न्यूटन. अगदी सरळ कधीच होणार नाही, साइन शून्य होतो, त्याआधी दोरी किंवा कुणाची तरी गॅलरीची जाळी जाईल.

टू-फोर्स मेंबर ओळखायचा कसा?

मेंबर म्हणजे रचनेतला एक दांडा. त्याला फक्त दोनच ठिकाणी बल लागतंय, मध्ये लोड नाही, स्वतःचं वजन धरलेलं नाही, कपल नाही. मग ती दोन्ही बलं त्या दोन पॉइंटांना जोडणाऱ्या रेषेतच असतात. मेंबर वाकडा असला तरी रेषा सरळच. हे ओळखलं की फ्रेमच्या गणितात एका बिजागरीला दोनऐवजी एकच अननोन राहतं, अर्धं पान वाचतं.

ट्रस म्हणजे दांडे टोकांना जोडून केलेला सांगाडा, त्यात सगळेच टू-फोर्स मेंबर. भोसरी-चाकणच्या एमआयडीसीत शेडची छपरं बघा, त्रिकोणच त्रिकोण. सुरुवातीला झीरो फोर्स मेंबर, म्हणजे ज्यांत बलच नाही ते, काढून टाका. ज्या जॉइंटवर लोड नाही आणि दोनच मेंबर आहेत, तेही एका रेषेत नाहीत, ते दोन्ही शून्य. तीन आहेत आणि त्यातले दोन एका रेषेत, तर तिसरा शून्य. एखादाच मधला मेंबर विचारला असेल तर जॉइंट बाय जॉइंट जाऊ नका, तीन मेंबर कापा आणि बाकीचे दोन जिथे मिळतात त्या पॉइंटभोवती मोमेंट घ्या. आळशी पॉइंट परत.

पुलीला दोन्हीकडे टेन्शन सारखंच का?

पुलीला घर्षण नाही आणि दोरीला वजन नाही असं धरलंय म्हणून. पुलीच्या मध्याभोवती मोमेंट घ्या, दोन्हीकडे त्रिज्या तीच, टेन्शन वेगळं असतं तर पुली फिरायला लागली असती. साइटवर वरच्या मजल्याला पुली लावून २५० न्यूटनचा माल खालून ओढतात, तेव्हा वरच्या हुकवर २५० नाही, ५०० येतात. मालही खाली ओढतो आणि ओढणारा माणूसही.

किलो की न्यूटन?

वस्तुमान किलोत असेल तर ९.८१ ने गुणा. प्रश्नात आधीच न्यूटन दिले असतील तर गुणू नका. यात दर पेपरला कुणीतरी जातंच.

सगळं सॉफ्टवेअर करतं, मग हे हाताने कशाला?

सॉफ्टवेअरला सपोर्ट तुम्हीच सांगता. जिथे खरं तर बिजागरी आहे तिथे फिक्स्डवर क्लिक केलं तर ते बिनतक्रार सुबक रंगीत आकृती देतं, आणि चुकीची देतं. हाताने दोन ओळींत ढोबळ रिॲक्शन काढता आली पाहिजे, म्हणजे १५ च्या जागी १५० आलं की लगेच खटकतं.

उत्तर बरोबर आलंय हे परीक्षेत कळणार कसं?

जो पॉइंट वापरला नाही त्याच्याभोवती मोमेंट घ्या, शून्य आली पाहिजे. वरच्या शिडीचं बघू, वरच्या टोकाभोवती. ८०० × ३ = २४००. उलट बाजूला फ्रिक्शनचे ४१२.५ × ४ = १६५०, शिडीचे २०० × १.५ = ३००, माणसाचे ६०० × ०.७५ = ४५०. बेरीज २४००. झालं, अर्ध्या मिनिटाचं काम.

बॉडीवर तीनच बलं असतील आणि ती समांतर नसतील तर अजून एक सोपी तपासणी, तिन्ही एकाच पॉइंटमधून गेली पाहिजेत. लक्ष्मी रोडच्या पाटीत बिजागरीची रिॲक्शन २६० आडवी आणि १५० उभी, म्हणजे ३००, कोन ३०°. तार दुसऱ्या टोकातून ३०° वर. दोन्ही रेषा बरोबर मध्यावर, रॉडपासून ०.४३ मीटर उंचीवर छेदतात, आणि वजनाची रेषाही तिथूनच जाते. पट्टी ठेवून आकृती प्रमाणात काढली असेल तर नुसतं बघून कळतं.

थ्री-डी आलं की सगळं विसरतो

समीकरणं तीनची सहा होतात, विचार तोच. आय-जे-के (तीन दिशांचे व्हेक्टर) चे डिटर्मिनंट मांडता येतात, पण त्यात एक मायनस चुकला की शोधता शोधता पेपर संपतो. त्यापेक्षा पॉइंटऐवजी अक्षाभोवती मोमेंट घ्या. अक्षाला छेदणारी आणि अक्षाला समांतर असलेली सगळी बलं शून्य मोमेंट देतात, तेव्हा असा अक्ष शोधायचा ज्याला जास्तीत जास्त अननोन छेदतात. तीन पायांच्या स्टुलावर बाजूला लोड ठेवला असेल तर दोन पायांना जोडणारी रेषा हा अक्ष घ्या, तिसऱ्या पायाची रिॲक्शन एका ओळीत निघते. ती मायनस आली तर तो पाय जमिनीवरून उचलला जातोय आणि स्टूल कलंडतंय.